हितसंबंध आड येतात

१

सोमवारी सकाळी आठ वीसला मी ऑफिसचं दार ढकललं, तेव्हा नॉर्मन क्रॅब्ट्री आपल्याच खुर्चीत बसला होता आणि त्याचं डोकं डाव्या बाजूनं आत गेलं होतं. टेबलावर, भिंतीवर, परवाच रंगवलेल्या छतावरसुद्धा रक्त. कागदांना भोकं पाडायचं आमचं जुनं लोखंडी यंत्र त्याच्या पायाशी पडलं होतं. मला ते दोन हातांनी उचलावं लागतं. त्याला पांढरे केस चिकटले होते. मारणाऱ्याचं तेवढ्यानं भागलं नव्हतं. फायली बांधायची गुलाबी फीत नॉर्मनच्या गळ्याभोवती तीन वेढे घालून आवळली होती. नंतर कुणीतरी ती सोडवायला गेलं असावं, कारण एक वेढा सुटून लोंबत होता.

मी किंचाळले नाही. हॅदरशॉच्या पोलीस ठाण्यात बावीस वर्षं मी कोठडीची सार्जंट होते. फुटलेली डोकी पाहून पाहून डोळे निबर झालेत. निवृत्त झाल्यावर परीक्षा दिली आणि नॉर्मनच्या फर्ममध्ये लागले. पोलिसांनी पकडलेल्या माणसाशेजारी वकिलाच्या वतीनं चौकशीला बसायचं, हे माझं काम. "बेरिल ओल्डरॉइड," नॉर्मन म्हणायचा, "आयुष्यभर ज्यांना आत टाकलंस त्यांनाच आता बाहेर काढ." मेला, असा हसायचा की राग यायचा नाही. 'मेला' म्हणायची मला सवय आहे. त्या सकाळी तो शब्द तोंडातच अडकला आणि मी दाराला धरून उभी राहिले.

पण डोळे काम करत होते. टेबलावरची प्रत्येक वस्तू रक्तानं माखली होती. शाईची बाटली, चष्मा, बिस्किटांचा डबा, सगळं. फक्त टेलिफोन लख्ख होता. कुणीतरी तो नीट पुसून जागच्या जागी ठेवला होता.

मी खिशातल्या मोबाइलवरून पोलिसांना कळवलं. पंधरा मिनिटांत जिना बुटांनी दणाणला, आणि पाठोपाठ खालून एक शिपाई ओरडला, "मिळाला, साहेब! बस स्टँडवर धरलाय! हात कोपरापर्यंत लाल आहेत मेल्याचे!"

२

धरलं होतं क्लिफ आर्मिटेजला.

क्लिफ एकोणपन्नास वर्षांचा. वीस वर्षं हेरॉइन, आणि गेली दहा वर्षं ते सोडवायच्या औषधावर. दुकानातून चीजचे तुकडे उचलायचा, पकडला जायचा, नॉर्मन त्याला सोडवायचा. भांडणात त्यानं कधी साधी काठीही उचलली नव्हती. चौघांनी त्याला बस स्टँडच्या फरशीवर तोंडावर आपटलं, पाठीत गुडघे घातले, आणि समोरचे दोन दात तिथेच राहिले.

जबाब द्यायला मी ठाण्यात गेले तेव्हा त्याला कागदी कपडे चढवत होते. काचेपलीकडून त्यानं मला पाहिलं आणि रक्ताळलेल्या तोंडानं ओरडला, "सार्जंटबाई, मी नाही हो! मी फीत सोडवत होतो! साहेबांचं अंग गरम होतं अजून!"

"गप्प बस, क्लिफ," मी ओरडले. "वकील येईपर्यंत चकार शब्द बोलू नकोस!"

त्याच्या शेजारी बसायला मी जीव दिला असता, पण मला परवानगी नव्हती. मेलेला आमचा, आरोपी हा. एका बाजूचं काम असलं की दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही, हितसंबंध आड येतात, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. झोपेतून उठवून विचारलंत तरी आमच्यातला कुणीही तेच सांगेल. त्यामुळे क्लिफचं काम गेलं त्या दिवशीच्या पाळीच्या वकिलाकडे, म्हणजे फिलिपा लमकडे.

कोठड्यांच्या बोळातून जाताना चार नंबरात कुणीतरी दार लाथांनी बडवत होतं. "वीस वर्षं! वीस वर्षं त्याचा अशील मी, आणि आज थेरड्यानं मला टाकलं!" आवाज डर्मट कॉइलचा होता. डर्मट दर महिन्याला कुणाला ना कुणाला बडवतो आणि मग जगावर चिडतो. मी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

इन्स्पेक्टर ह्यू सोअरबी माझ्या हाताखाली शिपाई होता. आता सूट घालतो.

"बाई, वाईट वाटतंय, पण केस सरळ आहे," तो म्हणाला. "सात अठ्ठेचाळीसला क्रॅब्ट्री टेलिफोनवर बोलला, अटक झालेल्यांसाठी वकिलांना फोन लावणाऱ्या कॉल सेंटरची नोंद आहे. सात पंचावन्नला आर्मिटेज रस्त्यावरून दारात शिरताना कॅमेऱ्यात दिसतो. आठला पळताना दिसतो, हात लाल. मधे दुसरं कुणी शिरलं नाही."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी नॉर्मन जिवंत होता. मागच्या गल्लीला कॅमेरा नाही, पण करायचाय काय? जिवंत माणसाचा खुनी कशाला शोधू?"

"अरे, क्लिफ दर सोमवारी तिथे चहाला जातो! औषधाच्या दुकानातून सरळ. नॉर्मन किटली ठेवून बसायचा."

"या सोमवारी चहा मिळाला नसेल." ह्यूनं घड्याळ पाहिलं. "साडेअकराला त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवतोय. मग तो जन्मभर बाहेर येत नाही."

दहा वाजायला आले होते.

३

बाहेरच्या बाकावर मी बसले तेव्हा शहराची सगळी फौजदारी वकिली तिथेच जमलेली होती, आणि त्यातल्या प्रत्येकाला नॉर्मन नको असायला कारण होतं. कारण एकच, टेंडर.

आजवर हॅदरशॉत गरिबांच्या केसेस तीन फर्म चालवायच्या आणि सरकार ठरलेला दर द्यायचं. या वर्षी गरिबांच्या वकिलीचे पैसे देणाऱ्या सरकारी खात्यानं फर्मान काढलं की शहराला एकच फर्म पुरे. दर केसमागे जो सगळ्यात कमी भाव भरेल त्याला काम, बाकीच्यांनी दुकान बंद करावं. मुदत सोमवारी दुपारी बारा. शुक्रवारी नॉर्मननं तिन्ही फर्मना पबच्या मागच्या खोलीत बसवलं. "माणसाची बाजू मांडायची म्हणजे रस्त्याला डांबर घालणं नव्हे," तो म्हणाला. "कुणीच भरायचं नाही. कोरं टेंडर परत गेलं की खातं ताळ्यावर येईल." सगळ्यांनी हातावर हात ठेवून शब्द दिला.

आमच्याच फर्ममधला धाकटा भागीदार ज्युलियन फर्थ बाकाच्या टोकाला बसला होता. गालावर ताजी खोक, टाके घातलेली.

"हे काय रे?"

"नॉर्मन." त्यानं मान खाली घातली. "पबमधून आल्यावर मी म्हटलं, आपण गुपचूप भरूया, नाहीतर मरू. त्यानं ॲशट्रे फेकून मारला. बेरिल, मी त्याला भरपूर बोललो. थेरडा मरत का नाही म्हणालो. हे शेवटचे शब्द माझे." आणि तो ओंजळीत तोंड घालून हुंदके देऊ लागला.

"आज सकाळी कुठे होतास?"

"घरी. बायको सांगेल. पण बायको काय, सांगणारच ना."

फिलिपा लम दोन फायली बगलेत मारून येरझाऱ्या घालत होती. चाळिशीची, तिखट, कुणाचं ऐकून घेणारी नाही. "माझ्याकडे अशी बघू नकोस, बेरिल. मी शब्द दिला, पण मनापासून नाही, हे मी नॉर्मनला तोंडावर सांगितलंय. सकाळी घरी एकटी होते. साक्षीदार म्हणून मांजर आहे."

तिसरा लेनर्ड हार्डकॅसल. साठीचा, मऊ बोलणारा, कपड्याची घडी कधी न मोडलेला. शुक्रवारी सगळ्यात आधी हात पुढे करणारा तोच. बारा वर्षांपूर्वी यानं दारू पिऊन गाडी खांबावर घातली तेव्हा नॉर्मननंच त्याची सनद वाचवली होती. शहरातला प्रत्येक वकील स्वतः अडचणीत आला की नॉर्मनलाच बोलवायचा. त्यात कुणाला लाज वाटायची नाही.

हार्डकॅसल माझ्याजवळ येऊन बसला, माझा हात हातात घेतला. "बेरिल, काय बोलू? मी आठ पाचपासून इथेच अडकलोय, ली बॅटीच्या कामात. पहाटे त्याला उचललं, सातला मला कळवलं. इथे आल्यावर नॉर्मनचं ऐकलं."

त्याचा सदरा कोरा होता. छातीवर पाकिटातल्या घडीच्या रेघा तशाच उमटलेल्या. वकील गाडीत एक जादा सदरा ठेवतात, कोर्टात कॉफी सांडली तर बदलायला. पण आज त्याला कोर्टच नव्हतं.

खिशातला मोबाइल थरथरला. त्या टेंडरवाल्या खात्याची शनिवारपासून न उघडलेली तीन ईमेल पत्रं पडली होती, ही चौथी. ती कोण वाचतंय, म्हणत मी मोबाइल परत खिशात टाकला. तेवढ्यात फिलिपा येऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"बेरिल, तुला एक विचारू? तुमचं आणि डर्मट कॉइलचं बिनसलंय का काही?"

४

"डर्मटचं? छे गं. का?"

"तो माझ्या नावानं ठणाणा करतोय. त्याला मी नको, नॉर्मनच हवा. आज पहाटे धरला, त्यानं नॉर्मनचं नाव सांगितलं, कॉल सेंटरनं सात अठ्ठेचाळीसला तुमच्या ऑफिसला फोन लावला. नॉर्मन म्हणाला, केस घेता येत नाही. म्हणून सात पंचावन्नला ती माझ्याकडे आली."

"घेता येत नाही? का?"

"हितसंबंध आड येतात म्हणाला. नोंदीत तसं लिहिलंय." तिनं फाइल उघडून कागद माझ्या नाकासमोर धरला.

मी तो कागद दोनदा वाचला.

"फिलिपा, डर्मटला पकडलाय कशासाठी?"

"रात्री क्लबच्या दारावरच्या माणसाला दोघांनी चाकू मारले. सतरा वार. जगतो की नाही सांगता येत नाही. डर्मट म्हणतो बॅटीनं मारले, बॅटी म्हणतो डर्मटनं."

"आणि नॉर्मनचं बॅटीशी काही काम होतं? त्या क्लबवाल्याशी?"

"मला विचारतेस? फर्म तुझी."

फर्म माझी होती म्हणूनच तर मला माहीत होतं. बॅटीला आम्ही जन्मात हात लावला नव्हता. क्लबवाल्याचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकत होते. डर्मट मात्र वीस वर्षं आमचा. त्याचं नाव कानावर पडलं असतं तर नॉर्मन अर्धवट दाढी टाकून ठाण्याकडे पळाला असता आणि आल्याआल्या त्यानं पहिला प्रश्न विचारला असता, "चहा मिळाला का?" प्रत्येक अशिलाला तो तोच प्रश्न पहिला विचारायचा. केस घेता येत नाही असं नॉर्मन म्हणणं शक्यच नव्हतं.

मग टेलिफोनवर बोललं कोण?

मला तो लख्ख पुसलेला टेलिफोन आठवला. नॉर्मन टेलिफोनवर बोलून मग मारला गेला असता, तर टेबलावरच्या चष्म्यासारखा टेलिफोनही रक्तानं माखला असता. टेलिफोन नंतर पुसला, कारण रक्ताच्या हातानं कुणीतरी तो उचलला होता. म्हणजे सात अठ्ठेचाळीसला नॉर्मन बोलला नाही. तोवर तो मेला होता.

"अगंबाई," मी म्हटलं, आणि उठून ह्यूच्या खोलीकडे धावले.

५

"ऐक नीट," मी दार लावून म्हटलं. "खुनी आत असताना टेलिफोन वाजला. उचलला नसता तर ते पुन्हा पुन्हा लावत बसले असते, कुणीतरी वर आलं असतं. उचलून नॉर्मन असल्याची बतावणी केली तर नॉर्मन तेव्हा जिवंत होता असं लेखी होतं. हो म्हणावं तर पाऊण तासात इथे हजर व्हावं लागतं. म्हणून नाही म्हणायचं. पलीकडच्या बाईनं कारण विचारलं, उत्तर मिळालं हितसंबंध आड येतात. आता मला सांग, असं कारण कुणाच्या तोंडी येईल? क्लिफच्या?"

ह्यूनं पुन्हा घड्याळ पाहिलं.

"वकिलाच्याच येईल. आणि कुठल्या वकिलाच्या? ज्युलियन आमचाच, डर्मट त्याचाही अशील, त्याला कसला अडथळा? फिलिपानं डर्मटची केस घेतलीच, म्हणजे तिलाही नाही. उरला कोण? डर्मटवर आळ घेणाऱ्या बॅटीचा वकील! त्याला सातलाच बॅटीचं कळलं होतं. त्यानं डर्मटचं नाव ऐकलं आणि खरं ते कारण सांगून बसला. स्वतःचं कारण!"

"हार्डकॅसल?" ह्यू हसला. "बाई, शब्दावरून माणूस पकडू? कशासाठी मारेल तो?"

"कॉल सेंटरचं रेकॉर्डिंग मागव. औषधाच्या दुकानात विचार. क्लिफ पावणेआठनंतरही तिथेच असणार, औषध घेतल्याची सही असते."

"मागवतो. रेकॉर्डिंग बुधवारी येईल. माझ्याकडे आत्ता रक्ताळलेले हात आहेत आणि वरून साहेबांचा फोन आहे. साडेअकरा म्हणजे साडेअकरा."

अकरा दहा झाले होते. काय सांगू, संतापानं डोळ्यांत पाणी आलं. कशासाठी मारेल, म्हणे! बोळात येऊन मी मोबाइल काढला आणि खात्याची ती न वाचलेली पत्रं उघडली.

पहिल्याच पत्रात होतं: आपलं नाव 'हार्डकॅसल आणि मंडळी' यांच्या बोलीत कर्मचारी म्हणून नोंदवलेलं आहे, हरकत असल्यास सोमवारी बारापूर्वी कळवावे.

टेंडर भरायला परीक्षा झालेली पाच माणसं दाखवावी लागतात. लेनर्डकडे तो स्वतः आणि माझ्यासारखा चौकशीला बसणारा एक, अशी दोनच होती. उरलेली तीन नावं त्यानं आमची घातली होती: नॉर्मन, ज्युलियन आणि मी. ज्युलियन शुक्रवारपासून दारूत होता, त्यानं पत्र पाहिलं नसणार. मी आळशी. नॉर्मन मात्र प्रत्येक कागद वाचायचा.

मी बाकाकडे गेले. "लेनर्ड, दोन मिनिटं ये. नॉर्मनच्या अंत्यविधीचं बोलायचंय."

त्याला मी तीन नंबरच्या भेटीच्या खोलीत नेलं. वकील आणि अशील तिथे एकांतात बोलतात, कुणी ऐकत नाही. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर चारी बाजूंनी पिवळी पट्टी आहे. कुठेही दाबली की ठाणंभर घंटा वाजते. एकानं माझ्या दोन बरगड्या मोडल्या तेव्हा वर्षभर भांडून मी ती बसवून घेतली होती. मी भिंतीला पाठ करून उभी राहिले.

"सकाळी मागच्या गल्लीनं आलास ना?" मी मोबाइल त्याच्यापुढे धरला. "नॉर्मननं हेच पत्र दाखवलं?"

त्यानं पत्र शेवटपर्यंत वाचलं.

"बारा वाजता सगळ्यांना सांगणार होता," तो हळूच म्हणाला. "घर गहाण टाकलंय मी, बेरिल. सनद गेली असती. मी पाया पडलो त्याच्या. म्हणाला, बोली मागे घे, मग बघू. असा वरून बोलला, बारा वर्षांपूर्वी बोलला होता तसा. यंत्र हाताशी होतं."

"आणि फीत?"

"तो घरघरत होता. थांबेना." त्यानं कपाळ चोळलं. "टेलिफोनचं मात्र मलाच कळत नाही. ताप आलाय म्हणता आलं असतं, बाहेरगावी चाललोय म्हणता आलं असतं. बाईनं डर्मटचं नाव घेतलं आणि आपोआप तोंडातून गेलं. पस्तीस वर्षं तेच म्हणत आलोय गं."

"क्लिफला वीस मिनिटांत खुनी ठरवताहेत. चल, ह्यूला सांग."

"क्लिफला?" तो खरंच नवलानं म्हणाला. "तो असाही कुठेतरी पायरीवर मरणार. आत निदान जेवण मिळेल."

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या कानाखाली वाजवली, सगळी ताकद लावून. त्याचा चष्मा उडाला. पुढच्या क्षणी त्याचे दोन्ही अंगठे माझ्या गळ्यात रुतले. मऊ बोलणाऱ्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. मी गुडघा मारला, नखांनी त्याचा गाल फाडला, तो सोडेना. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. पट्टी पाठीमागे वीतभरावर होती आणि मला तिच्यापर्यंत पोचता येत नव्हतं, कारण त्यानं मला पुढे ओढून धरलं होतं.

"गप्प बस," तो दात चावून म्हणाला, "गप्प बस, गप्प बस," आणि माझं डोकं फोडायला त्यानं मला उचलून भिंतीवर आपटलं.

६

घंटा त्यानं स्वतः वाजवली. दार उघडायला त्यांना सहा सेकंद लागले असं मागाहून कळलं; मला सहा वर्षं वाटली. कोठडीवर आता माझ्या जागी असलेल्या सार्जंट हेलिवेलनं त्याला केसांना धरून मागे खेचलं, दोघांनी पाय ओढले, आणि तो फरशीवर तोंडावर आपटला. बस स्टँडवर क्लिफ आपटला होता तसाच. मला समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू?

ह्यू माझ्याजवळ बसला. "बाई! बाई, बोला काहीतरी!"

"गाडीची डिकी उघड," मी घशातून कसंबसं काढलं. "सदरा."

डिकीत कोट आणि सदरा निघाला, पिशवीत कोंबलेला, रक्तानं कडक झालेला. औषधाच्या दुकानवाल्यानं टेलिफोनवर सांगितलं की क्लिफनं सात एकावन्नला त्याच्यासमोर औषध प्यायलं आणि सही केली, त्याआधी तो पंधरा मिनिटं रांगेत उभा होता. साडेअकरा वाजून गेले आणि कुणी आरोप ठेवायला आलं नाही. बारा वाजले तेव्हा ज्युलियन माझ्या मानेवर बर्फ धरून बसला होता. बोली भरायची का असं त्यानं विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

साडेबाराला नोंदणीच्या टेबलापुढे दोन माणसं एकाच वेळी उभी होती. एका टोकाला क्लिफ, कागदी कपड्यांत, आपल्या बुटांची वाट पाहत. दुसऱ्या टोकाला लेनर्ड हार्डकॅसल, हात मागे बांधलेले, गालातून रक्त गळतंय, नव्या सदऱ्याच्या घडीच्या रेघांवर लाल ठिपके. मी बाकावर होते. मला घरी जा म्हणत होते, पण मी हलले नाही.

सार्जंट हेलिवेलनं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. मग नेहमीचा प्रश्न. "वकील हवा का तुम्हाला? सरकारी खर्चानं मिळतो."

"हवा."

"कोण?"

फिलिपा तिथेच उभी होती. तिनं मान हलवली. ती क्लिफची वकील, तिला येता येत नव्हतं. ज्युलियन मेलेल्याचा भागीदार. मी साक्षीदार. शहरात त्याच्यासाठी उभं राहू शकणारा एकही वकील उरला नव्हता.

हार्डकॅसल टेबलाकडे बघत होता. थकला होता, कुठे आहे तेही त्याला धड कळत नसावं.

"नॉर्मन," तो म्हणाला. "नॉर्मन क्रॅब्ट्रीला बोलवा."

सार्जंट हेलिवेलचं पेन थांबलं. मग आपण काय बोललो ते हार्डकॅसलला कळलं असावं, कारण तो टेबलापासून झटकन मागे सरला आणि शिपायांना त्याला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं.

क्लिफनं तोंडातलं रक्त बाहीला पुसलं. दात नसल्यामुळे त्याचे शब्द फुसफुसत होते, पण मला नीट ऐकू आले.

"आले असते साहेब," तो म्हणाला. "याच्यासाठीसुद्धा आले असते. आणि आधी चहाचं विचारलं असतं."